अगहन बदी पंचमी

‘आधी तारीख लिहा, दुर्गेश्वरीबाई. काम काय आहे ते मागून विचारा. आणि तारीख म्हणजे तारीख. तुमचा चंद्र तुमच्यापाशी ठेवा.’ देवीदास रामटेके सर असं म्हणताना हसायचे, पण वही दाखवा म्हणून हात पुढे केलेलाच असायचा. गोंदियात रेल्वे फाटकापलीकडच्या एका खोलीतून ते आठ पानी साप्ताहिक काढत, आणि बावीस वर्षांपूर्वी तिला लिहिण्याचं पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. साप्ताहिक बंद पडलं, सर गेले, त्या खोलीत आता मोबाइलची काच बदलून मिळते. पण कुणी नवं काम सांगितलं की दुर्गेश्वरीचा हात अजूनही आधी वहीकडे जातो आणि मग ती ‘बोला’ म्हणते. फक्त चंद्राचं तिनं ऐकलं नाही. तारखेच्या शेजारी ती तिथी लिहीतच राहिली. तिचे उपास तिथीनं, तिचे नेम तिथीनं, मग कामं तरी वेगळ्या हिशेबानं कशी चालणार? एकादशीला डोकं हलकं असतं, त्या दिवशी मानपत्रं. प्रदोषाला जुनं वाचून काढणं. अमावास्येला नवं काम हाती घ्यायचं नाही. फुलचूरच्या घरात मागच्या खोलीतल्या कपाटात अकरा वह्या होत्या, खाकी कव्हर घातलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. शाळेच्या स्मरणिकेला हिरवा, लग्नातल्या मंगलाष्टकांना लाल, नागपूरच्या एका कंपनीसाठी तांदळावर हिंदीत लेख लिहायचे त्याला पिवळा, आणि कुणाच्या आईवडिलांची जीवनगाथा लिहून द्यायची त्याला पांढरा. घरी बसून लिहिणारीला साहेब नसतो. तिनं अकरा साहेब करून ठेवले होते.

आज संकष्टी होती. तिनं रोजच्यासारखं एकशे आठ वेळा नाम लिहून पान मिटलं होतं, देवापुढची समई शांत करून ती उठत होती, तेवढ्यात फोन वाजला. कामठ्याचे छोटेलाल कटरे. पांढरा दोरा.

‘राम राम, बाई.’

‘राम राम, काकाजी. तब्येत बरी ना?’

‘तब्येतीले का होते. आचारी येऊन राहिला आता, भांडे उतरवून राहिला. उद्या बरसी. कवा येऊन राहिल्या तुमी?’

तिला वाटलं, म्हातारा महिना चुकला. एक्याऐंशी वर्षांचं माणूस, डोळ्यांनी अधू, चुकणारच. पण आचारी चुकत नाही. आचारी भांडी उतरवतो आहे. आणि फोनमधून खरोखरच पितळ आपटल्याचा आवाज येत होता, कुणीतरी ‘उधर नही, इधर रख’ म्हणत होतं.

‘येते ना, काकाजी,’ ती म्हणाली. तिचा आवाज एरवीही मऊच, त्यामुळे त्यात काही कळलं नाही.

‘लिहून झालं ना सप्पा, पुरं?’

‘हो.’

फोन ठेवल्यावर ती उभीच राहिली. संकष्टीच्या दिवशी, देवघराच्या उंबऱ्यात उभं राहून ती खोटं बोलली होती. बोलायचं ठरवलंही नव्हतं; जिभेवर ‘हो’ तयार होतं, जसं नवऱ्यानं, धनेंद्रनं, विचारलं की ‘जेवलीस का’ला तयार असतं. ती मागच्या खोलीत गेली. पांढऱ्या दोऱ्याची वही काढली. पान उघडलं, तर तिथं तिच्याच सुंदर अक्षरात, लाल रेघेवर, लिहिलेलं होतं: गिरजाबाई छोटेलाल कटरे, वर्षश्राद्ध. मार्गशीर्ष वद्य ५. ९ डिसेंबर. उद्या नऊ तारीख होती. नोव्हेंबरची.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दुपारी म्हातारा काय म्हणाला होता ते तिला आठवायचंच नव्हतं, म्हणून ते लगेच आठवलं. त्यानं मार्गशीर्ष म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला होता, अगहन बदी पंचमी. इंग्रजी तारीख ओमेश्वरले माहीत, म्हणाला होता, आणि ओमेश्वर, त्याचा मुलगा, धानाच्या गाडीवर गेला होता. तिनं मान हलवली आणि लिहिताना अगहनचं मार्गशीर्ष केलं, बदीचं वद्य केलं. लिहिताना ती असं करतेच. कुणी ‘दवाई’ म्हटलं की तिच्या वहीत औषध उतरतं. मग घरी येऊन भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मार्गशीर्षातली वद्य पंचमी शोधली, तारीख मिळाली, रेघ ओढली. आणि आता ती त्या पानाकडे बघत होती आणि तिला आईचं स्वयंपाकघर दिसत होतं, तिथं चुलीच्या धुरानं पिवळं पडलेलं हिंदी पंचांग खिळ्याला टांगलेलं, तर बाहेरच्या खोलीत बाबांचं शाळेतून आलेलं मराठी कॅलेंडर. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी महिना पुनवेला. त्यामुळे पुनवेनंतरचा अंधारा पंधरवडा बाहेरच्या खोलीत अजून कार्तिक असायचा आणि स्वयंपाकघरात अगहन लागलेला. लहानपणी तिला त्यात मौज वाटे. पाणी प्यायला आत गेलं की महिना बदलतो! आणि बेचाळीस वर्षांची होऊन, सगळे वार-व्रत पाळून, ती हे विसरली. विसरलीसुद्धा नाही. ती स्वयंपाकघरात गेलीच नाही, इतकंच.

तरी तिनं धनेंद्रला फोन लावला. तो तिरोड्याला वीज केंद्रात ड्यूटीवर होता.

‘अहो, अगहन लागला का?’

‘काय?’

‘अगहन. लागला का?’

‘मी इथं टर्बाइनपाशी उभा आहो, आन तू अगहन इचारून राहिली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशीच लागला ना. तुयी माय नाई म्हनत होती का? काऊन, का झालं?’

‘काही नाही.’

‘फराळ केला?’

‘हो.’

‘मंग तेही वहीत लिहून ठेव. फराळ केला, वाजले किती, सही.’ तो हसला आणि मशीनच्या आवाजात त्याचं हसू बुडालं.

भिजवलेला साबुदाणा ओट्यावर तसाच होता. दुसरं खोटं. ती टेबलाशी बसली आणि सवयीनं एक कागद घेऊन त्यावर आजचे तास मांडले. नऊ ते अकरा, रेकॉर्डिंग ऐकणे. अकरा ते एक, मुद्दे. एक ते चार, लेखन. चार ते पाच, शुद्धलेखन. कागद इतका नीट दिसत होता की तिला क्षणभर बरंही वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की अशा नीट कागदावरच विश्वास ठेवून ती महिनाभर निवांत झोपली होती. तीन दुपारी म्हाताऱ्याचं बोलणं तिनं फोनवर घेतलं होतं, तिन्ही फायलींना नावं दिली होती, गिरजा एक, गिरजा दोन, गिरजा तीन, आणि वहीत लिहिलं होतं: ऐकणे, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. एक अक्षर ऐकलं नव्हतं. वेळ झाली नव्हती ना ऐकायची. नागपूरचा संदेश येऊन पडला, ‘मॅम, आज का आर्टिकल?’, पिवळा दोरा. शाळेचे टेंभरे गुरुजी, हिरवा दोरा. तिनं फोन उलटा ठेवला, मग रेकॉर्डिंग त्यातच आहे म्हणून पुन्हा सुलटा केला. नोव्हेंबरचं ऊन मागच्या खिडकीतून टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं आणि दूर कुठंतरी धान कापणारं यंत्र एकसारखं घरघरत होतं.

एक महिना उशिरा दिलं तर काय होईल? लोक देतात उशिरा. स्मरणिका तर सोहळ्यानंतर सहा महिन्यांनी छापतात. पण हे तसं नव्हतं, आणि का नव्हतं तेही म्हातारा दुसऱ्या दुपारी बोलला होता. बाजेवर बसून, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. ‘बरसी झाली का बाई पितरात मिसळते. मंग पितरपाटाले सप्पाईचं एकच पान. आजा, आजी, माय, बा, हे. तिचं येगळं नाव मंग कोन घेईन? बरसीलेच शेवटचं. म्हनून म्हनतो, पंगतीच्या पयले लोकायले ऐकवाचं. अशी बाई होती म्हनून.’ तेव्हा ओमेश्वर पोतं खांद्यावरून उतरवत म्हणाला होता, ‘बाबूजी, माय का आमदार होती का?’ आणि म्हातारा मान न वळवता म्हणाला होता, ‘आमदार पाच साल राहते. हे बावन साल होती.’ हे तिला आठवलं, कारण ती तेव्हा हसली होती. वहीत मात्र त्यातलं काही नव्हतं. वहीत दोन पानं होती, मथळे पाडलेली. जन्म व माहेर. विवाह. अपत्ये. स्वभाव. धार्मिक वृत्ती. अंतिम आजार. स्वभावापुढे लिहिलं होतं, ‘मनमिळाऊ, विनोदी’. धार्मिक वृत्तीपुढे, ‘डोंगरगडच्या बमलाईवर श्रद्धा’. या मथळ्यांवरून दोन तासांत जीवनगाथा लिहिता येते, हे तिला माहीत होतं. तिनं अशा तेवीस लिहिल्या होत्या. ‘त्यांनी कष्टाचा संसार सोन्याचा केला.’ हे वाक्य आत्ताही बोटांत तयार होतं, जिभेवरच्या ‘हो’सारखं. कुणाला कळलं नसतं. लोकांनी डोळे पुसून जिलेबी खाल्ली असती. तिनं पेन उचललं, आणि त्या वाक्याचा ‘त्यां’ लिहून थांबली.

तिनं पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

आधी कोंबडी, मग बाज करकरल्याचा आवाज, मग म्हातारा. ‘मले नावानं तं तिनं कधी हाक मारलीच नाई. लोटा ठोके, उंबऱ्यावर. एक ठोक म्हनजे जेवाले या. दोन म्हनजे पाहुने आले. तीन ठोकले का समजाचं, आज आपली काई चूक झाली. मंग मी वावरातच बसो अंधार पडेपर्यंत.’ आणि तिचा स्वतःचा आवाज, मऊ, कामाचा: ‘म्हणजे शिस्तप्रिय होत्या.’ दुर्गेश्वरीनं बटण दाबून ते थांबवलं. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं तरी तिचे कान तापले. तिनं पुन्हा लावलं. म्हातारा तिच्या शब्दापाशी जरा थांबला होता, कुणी वाटेत दगड ठेवल्यासारखा, आणि मग बाजूनं गेला होता: ‘शिस्त... असन. गिरजा झोपीत हासत जाये, बाई. खुदखुद नाई, चांगली हासे. मी उठून बसो. इचारो, का दिसलं वो? तं म्हने, तुमाले काऊन सांगू.’ आणि लगेच तिचा आवाज: ‘विनोदी स्वभाव.’

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तासांचा कागद कुठंतरी वहीखाली गेला. ती ऐकत होती आणि लिहीत होती, लिहीत होती आणि मागे नेऊन पुन्हा ऐकत होती. आई गेली तेव्हा तिनं आईबद्दल काही लिहिलं नव्हतं. स्मरणिकेसाठी कुणी मागितलं तेव्हा पाच ओळी दिल्या होत्या, कष्टाळू, सोशिक, देवभोळी. आई झोपेत हसायची का? ती एकाच खोलीत अठरा वर्षं आईशेजारी झोपली आणि तिला ठाऊक नव्हतं. आईचा आवाज म्हणून जे तिला आठवायचं ते बहुतेक ‘उपास सोडला का?’ एवढंच. बदी, सुदी, अगहन, फागुन, हे आईच्या तोंडचे शब्द बाबा हसून दुरुस्त करायचे, आणि बाबांशेजारी पाटीवर लिहीत बसलेली मुलगीही हसायची. त्या हसण्याची तिला आत्ता भीती वाटली. जणू ते तिच्या अक्षरात उतरून बसलंय आणि इतकी वर्षं लोकांच्या आयांवरून फिरतंय, प्रत्येकीला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. गजाननाचं नाव घेऊन तिनं पाण्याचा एक घोट घेतला.

दुसऱ्या दुपारचं रेकॉर्डिंग वाऱ्यानं भरलेलं होतं. त्यात मध्येच म्हातारा म्हणाला, ‘एक डाव डोंगरगडले गेली. कोनालेच सांगितलं नाई. पोरं लहान होते. म्या विहिरीतही पाहून घेतलं. चार दिवसानं सकाळच्या गाडीनं आली, गोंदियाहून पायी. आली, हातपाय धुतले, भात मांडला.’

‘तुम्ही विचारलं नाही, का गेल्या ते?’

‘नाई.’

वाऱ्यात काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग, ‘इचारलो असतो तं सांगितलं असतं तिनं. मंग ते मायंही झालं असतं. राहू देलं तिचं तिच्यापाशी.’

दुर्गेश्वरीनं वहीतल्या ‘बमलाईवर श्रद्धा’ या शब्दांकडे पाहिलं. हे तिनं लिहिलं होतं. याच दुपारी, याच वाऱ्यात बसून. हे लोकांपुढे वाचायचं का? वाचलं तर नातेवाईक काय म्हणतील, बाई चार दिवस कुठं होती म्हणतील. नाही वाचलं तर मग वाचायचं काय? आणि तिला कुणी अधिकार दिला हे झाकायचा, किंवा उघडायचा? वीस मिनिटं ती एका वाक्याशी बसली. शेवटी कागदावर एवढंच उतरलं: ‘एकदा गिरजा चार दिवस डोंगरगडला गेली होती. का गेली ते तिचं तिला ठाऊक.’ गिरजाबाई नाही, त्या नाही. गिरजा. लिहिल्यावर ते तिला उद्धट वाटलं. खोडलं नाही.

तीन वाजायला आले तेव्हा आठ पानं झाली होती, मथळ्यांशिवाय, काटछाट केलेली, तिच्या अक्षरासारखी न दिसणारी. तिसरं रेकॉर्डिंग राहिलं होतं, त्यात शेवटचं आजारपण होतं. संध्याकाळपर्यंत तेही होईल, रात्री चंद्रदर्शन, नैवेद्य, मग स्वच्छ प्रत, सकाळी आठला निघायचं, अकराला पंगत. वेळ बसत होता. सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. आपण खोटं बोललो खरं, पण उद्यापर्यंत ते खरं होऊन जाईल, असं मनात येऊन गेलं, आणि तिनं तिसरं रेकॉर्डिंग पुढे ढकलत ढकलत लावलं, शेवटाकडून, नेमकं किती मोठं आहे ते पाहायला.

‘...बस. इतकंच आहे, बाई,’ म्हातारा म्हणत होता. बाज करकरली. तेव्हा ती स्वतः उठली असावी. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. मग त्याचा आवाज जवळून, खाली आलेला, घरातल्या कुणी ऐकू नये तसा. ‘एक काम करजा. चवथीलेच येजा, आदल्या दिवशी. मले एकट्याले वाचून दाखवजा पयले. लोकायच्या समोर पयल्यांदा ऐकलो तं... बरं नाई दिसत मानसाले. ओमेश्वर हासन.’

आणि तिचा आवाज, लगेच, मऊ: ‘येईन काकाजी. दिवसाउजेडीच येईन.’

‘चवथीले उपास राहते ना तुमाले?’

‘असू द्या. येईन.’

मग ‘बंद करते हं’, आणि संपलं.

तिनं वही उलटली. पुढचं पान, मागचं पान, कव्हरच्या आतली बाजू. कुठंही नव्हतं. पिशवी खांद्याला, एक चप्पल पायात आणि एक हातात, अशा वेळी दिलेला शब्द. तो कशाला कुणी लिहील. अकरा वह्यांत, सगळ्या रंगांच्या दोऱ्यांत, तो कुठंही नव्हता. तिनं पुन्हा लावलं. ‘येईन काकाजी.’ किती सहज म्हणाली होती. किती जणांना तिनं असं दारात म्हटलं असेल, बावीस वर्षांत, आणि ते लोक कुठल्या कुठल्या चवथीला अंगणाकडे बघत बसले असतील? ती मोजू लागली आणि मोजता येईना म्हणून घाबरली. सकाळचा फोन पंचमीचा नव्हता. म्हातारा आजचं विचारत होता, आणि आचाऱ्याच्या, पाहुण्यांच्या देखत त्याला ‘आज’ म्हणता येत नव्हतं.

सव्वातीन. साडेपाचला अंधारतं. कामठा पाऊण तास. आजारपणाचा भाग लिहिलेला नाही, स्वच्छ प्रत नाही, पाच नंबरच्या पानावर डाग. असं अर्धवट तिनं कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आंघोळ न करता देवाला शिवल्यासारखं तिला ते वाटे. आणि तिथं गेल्यावर सांगावं लागेल, की काकाजी, सकाळी मी खोटं बोलले, पूर्ण झालेलं नाही, महिना चुकला माझा. हिंदी पंचांग पाळणाऱ्या पवार समाजातली लेक, आणि अगहन चुकली. म्हातारा काय म्हणेल? काही म्हणणार नाही. तेच सहन होणार नव्हतं. ती खिडकीशी उभी राहिली. फोन करून ‘उद्या लवकर येते’ म्हणता येईल. तो ‘बरं, बरं’ म्हणेल, चार माणसांत बसलाय म्हणून म्हणेल, आणि उद्या पंगतीपुढे पहिल्यांदा ऐकेल, त्याची हनुवटी थरथरायला लागेल आणि मुलगा दुसरीकडे बघेल किंवा बघणार नाही. फोन तिच्या हातात होता. नंबरही वर आला होता. तिनं तो लावला नाही.

तिनं आठ पानं आणि कोरी चार पानं एकत्र करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. राहिलेला भाग तिथंच बसून लिहायचा, तो सांगेल तसा. देवापुढे दोन केळी ठेवली, हात जोडले. मागायचं काय ते सुचेना, म्हणून नुसती उभी राहिली. साडी बदलली नाही. वह्या टेबलावर तशाच उघड्या राहिल्या, कुठलीच जागेवर नव्हती, आणि तिनं खोलीचं दार ओढून घेतलं. धनेंद्रला लिहिलं, ‘कामठ्याला जाते. उशीर होईल. फराळ केला नव्हता.’

शेजारची पार्वताबाई ओट्यावर पोह्याचे धान पाखडत होती. उपासाच्या दिवशी, या वेळी, कुठं म्हणून तिनं विचारलंच असतं, आणि आज एकही उत्तर तोंडातून जास्तीचं जाऊ नये असं दुर्गेश्वरीला वाटत होतं. तिनं स्कूटी फाटकातून हातानं ढकलत बाहेर काढली. सुरू न करता, रस्त्याच्या कडेकडेनं, वाळत घातलेल्या धानावर चाक जाऊ न देता, ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथं पिशवी पुढच्या हुकाला न अडकवता पदराखाली पोटाशी धरली, आणि मग गाडी सुरू केली.